बिनचाकाची उतरंड

तात्याबा कुंभाराचं चाक पौषात थांबलं. अंथुर्ण्यात कुंभाराचं घर एकच, ओढ्याच्या काठाला, चिंचेखाली. पाण्याला जाणाऱ्या बायांना त्या चाकाची घरघर इतकी अंगवळणी पडली होती, की ती बंद झाल्यावर काही दिवस त्यांना नुसतंच काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मग एकीनं कुडावरून डोकावून पाहिलं. चाक भिंतीला टेकवलेलं होतं आणि तात्याबा ओसरीत बाजेवर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडं दुसऱ्याची वस्तू बघावी तसा बघत होता.

झालं होतं ते असं. आबासाहेब पाटलांची उसाची गाडी कारखान्याला निघाली होती. पाटाच्या कडेला चिखलात ती रुतली. तात्याबा मागून गाढवं घेऊन येत होता. त्याला कुणी हाक मारली नव्हती, पण रुतलेली गाडी दिसली की खांदा द्यायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. त्यानं खांदा दिला, चाकाखालचा धोंडा सटकला, आणि भरल्या गाडीचं चाक त्याच्या पंज्यावरून गेलं. बारामतीच्या डॉक्टरनं हात कापला नाही, तेवढं बरं झालं. पण बोटं वळायची राहिली ती राहिलीच. वाळलेल्या शेंगांसारखी ती सरळ झाली. कुंभाराला दुसरं काही झालं असतं तरी चाललं असतं.

बायको सरूबाई. काळीसावळी, उंच, चालताना पाऊल दाबून टाकणारी. एक लेक होती, ती लग्न होऊन सणसरला गेली होती. घरात आता ही दोघंच. सरू नवऱ्याला आंघोळ घालायची, धोतर नेसवायची, भाकरीचे तुकडे करून ताटलीत द्यायची. डाव्या हातानं भाकरी मोडत नाही, हे तात्याबाला चाळिशी उलटल्यावर कळलं. आणि एवढं सगळं करून घेताना तो तिच्याशी बोलायचा मात्र नाही. माणूस मुळात गोड होता. पण हात गेल्यापासून तो स्वतःवर रुसला होता, आणि त्या रुसव्याचे चटके घरात दुसरं कुणी नसल्यामुळं तिलाच बसत होते.

माघात एके दिवशी आबासाहेब आले. बाजेच्या कडेवर टेकले. सरूनं गूळपाणी आणून ठेवलं. आबासाहेब चांगला माणूस, पण त्या हाताकडं बघायचं त्यांना धाडस होईना. ते चिंचेकडं बघत बोलायला लागले.

"बरं हाय का तात्याबा?"

"हाय की. दुखत न्हाय आता."

"मग बरं." आबासाहेबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. "आमच्या पद्माचं जमलं. जळोचीला दिली. वैशाखात लगीन."

"लई चांगलं झालं."

"चांगलंच झालं. आता त्ये उतरंडीचं..." आबासाहेब खाकरले. "तुझी ही अशी गत. म्हंजी आमच्याच गाडीपायी. पण लगीन तर थांबत न्हाय. लासुर्ण्याच्या भिमाला सांगावं म्हणतो. तुझाच चुलतभाऊ हाय. येवढ्या लग्नापुरतं."

येवढ्या लग्नापुरतं म्हणजे काय, ते ओसरीवरच्या दोघांनाही कळत होतं आणि दाराआडच्या सरूलाही. लग्नात बोहल्याच्या चारी कोपऱ्यांना मडक्यांच्या उतरंडी लागतात, खाली मोठा डेरा आणि वर लहान लहान होत गेलेली मडकी. पाटलाच्या मांडवात ज्याची उतरंड उभी राहिली, गाव त्याचं. संक्रांतीची सुगडं त्याची, खळ्यावरचा वाटा त्याचा. तात्याबाच्या आज्यापासून तो मान या घरात होता. एकदा भिमाचं गाढव मडकी घेऊन वेशीतून आत आलं, की ते पुन्हा बाहेर जाणार नव्हतं.

"बघा तुमी," तात्याबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात दाराआडून सरूचा आवाज आला. "आबासायेब, उतरंडी आमी दिऊ."

आबासाहेबांनी दाराकडं पाहिलं. "कोण घडवणार, सरूबाई?"

"मी घडवीन."

"चाकावर?"

"चाकाला हात लावायची न्हाय मी. मला कळतं त्ये."

कुंभाराच्या घरच्या बाईनं चाकाला हात लावायचा नाही. ते महादेवाचं. तिनं माती आणावी, तुडवावी, चुली वळाव्यात, परळ थापावेत, मडकी रंगवावीत, मडकी भाजायचा आवा लावायला मदत करावी. सगळं करावं, फक्त चाकावर बसू नये. चाक अंगणात असलं तर ती वळसा घालून जाते, पदर लागू देत नाही. हे कुणी शिकवत नाही. सासरी आल्यावर आपोआप कळतं.

आबासाहेबांना बहुधा बरंच वाटलं असावं. त्या घरचा घास काढून घ्यायला ते आले होते खरे, पण मनातून नव्हते आले. "पाडव्यापातूर बघतो," ते उठत म्हणाले. "मडकी हुबी दिसली तर तुमचीच. न्हाय तर मग भिमा."

आबासाहेब वेशीपलीकडं गेले. मग तात्याबा म्हणाला, "कुनाला इचारून बोललीस?"

"इचारलं असतं तर बोलू दिलं असतं का?"

"बिनचाकाचा डेरा कुठं बघितलायस?"

"तुमच्या आईनं मला चुली वळायला शिकवल्या, धान्याच्या कणग्या शिकवल्या. कमरेयेवढी कणगी हातानं हुती, तर डेरा का न्हाय व्हायचा?"

"कणगी येगळी, डेरा येगळा. कणगी भाजत न्हाईत."

"माती तर तीच की."

तात्याबानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

दुसऱ्या दिवसापासून सरू कामाला लागली. चाकाच्या कामासाठी भिजत घातलेली माती खड्ड्यात तशीच होती, चाळून घेतलेली, लोण्यासारखी मऊ. आयती माती मिळाली म्हणून तिला आनंद झाला. जुन्या मडक्याचं बूड पालथं घालून तिनं त्यावर राख भुरभुरली आणि मातीची पोळी थापली. ते झालं बूड. ते सुलटं करून आता भिंत उभी करायची. तळहातांत माती घोळवून तिनं अंगठ्याएवढ्या जाडीची लांब वळी केली, बुडाच्या कडेवर बसवली, अंगठ्यानं आतून-बाहेरून दाबून सांधली. मग दुसरी वळी. तिसरी वळी बसेपर्यंत सगळं एका अंगाला कललं आणि बसून गेलं.

तिनं ते मोडलं. पुन्हा केलं. पुन्हा बसलं. बाजेवरून काही आवाज आला नाही.

दुपारी ती चुलीपुढं बसली असताना आढ्याकडं तिचं लक्ष गेलं. कुंभारीण माशी घर धरत होती. ही माशी दर साल यायची आणि दर साल सरू तिचं घर केरसुणीनं पाडायची. त्या दिवशी ती बघत बसली. माशी ओढ्यावरून मातीचा कण आणायची, कडेवर चिकटवायची, तोंडानं पसरायची आणि उडून जायची. पुन्हा यायची तेव्हा आधीचा कण टणक झालेला असायचा. घाई नव्हती तिला. आणि घर काही फिरत नव्हतं. माशीच घराभोवती फिरत होती, मागं मागं सरकत, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. तव्यावर भाकरी करपली तरी सरू बघत होती.

"हिला कुनी चाक दिलंया?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला हसू आलं.

संध्याकाळी तिनं अंगणाच्या मधोमध दगड रचून कमरेच्या उंचीला एक सपाट पाटा बसवला. त्यावर बूड ठेवलं. दोनच वळ्या चढवल्या आणि कडेला ओलं फडकं गुंडाळून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी खालचा भाग वाळून आवळला होता, कड मात्र ओली होती. तिनं पुन्हा दोन वळ्या चढवल्या. आणि वळी चढवताना ती डेऱ्याभोवती उलटी चालत राहिली, एक हात आत, एक बाहेर, पाऊल मागं, पुन्हा मागं. पहिल्या दिवशी तिला इतकी घेरी आली, की ती चिंचेच्या बुंध्याला धरून उभी राहिली. पुढं पुढं पायांनाच ते कळायला लागलं. भिंतीला खळगा लागेल तिथं हात आपोआप थांबायचा. डेरा गरगरीत झाला. चाकावरचा असतो तसा नाही. जरा अंगानं भरलेला, बाळंतिणीसारखा. सरूला तो फार आवडला.

तसे तिनं डेरे केले, मडकी केली, छपरात सावलीला ओळीनं मांडली. माघ सरला. ओढ्यावरच्या बाया कुडाशी थांबून बघून जायला लागल्या. सरूच्या पाठीला कळ लागायची, पायाच्या टाचा उलायच्या, पण रात्री अंग टाकताना तिला बरं वाटायचं. आणि एका सकाळी ती छपरात गेली तर पहिल्या डेऱ्याच्या बुडाला चीर होती. दुसऱ्याच्याही. तिनं एकेक उलटून पाहिला. तिच्या टाचांना पडल्या होत्या तशाच भेगा सगळ्यांच्या बुडांना पडल्या होत्या. वाऱ्याशिवाय, उन्हाशिवाय, सावलीत.

नेमका त्याच दिवशी भिमा आला. तेल लावलेले केस, कानात अत्तराचा फाया, गाढव मोकळं. वाईट माणूस नव्हता, पण दुसऱ्याच्या घरात उभा राहून बोलताना त्याचा आवाज जरा चढायचा. छपरात डोकावून तो म्हणाला, "वयनी, कशापायी जीव काढताय? बायामाणसांचं काम हाय का हे?" मग तो बाजेपाशी गेला. "दादा, चाक धूळ खातंय. देव हाय तो, फिरता ऱ्हायला पायजे. मी न्हेतो. तुझा हात आला म्हंजी परत आणून देतो."

हात येणार नव्हता हे तिघांनाही माहीत होतं.

"ने," तात्याबा म्हणाला.

सरू फुटका डेरा हातात घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत भिमानं चाक उचललं, गोणपाटात गुंडाळलं, गाढवावर बांधलं. तिला वाटलं, पुढं व्हावं, चाकाला मिठी मारावी, नेऊ देऊ नये. पण अडवायचं तर हात लावावा लागला असता. लग्न होऊन आल्यापासून जो हात लावला नव्हता तो तिला तेव्हाही लावता आला नाही. गाढव वेशीच्या वळणावर दिसेनासं झालं.

ती बाजेपाशी गेली. डेरा त्याच्या पुढ्यात ठेवला. "हे असं का झालं?"

तात्याबानं डाव्या हाताच्या बोटानं चीर चाचपली. मग म्हणाला, "चाकाची माती हाय ती. बारीक चाळलेली. हातानं वळायच्या मातीला लीद दुप्पट लागती. जुन्या खापराची भुकटी लागती. न्हाय तर वाळताना वढती."

"तुमाला कवापासनं ठावं हुतं?"

"तू म्हनलीस, माती तर तीच, तवापासनं."

"मग बोलला का न्हाय?"

"बोललो असतो तर झालं असतं." तात्याबानं डेरा डाव्या हातानं परता सारला. "आन् तुझं झालं असतं, तर मग माझं काय ऱ्हायलं हितं? आयतं गिळायचं आन् बाजंवर पडायचं."

सरूनं डेरा उचलला आणि छपरात नेऊन ठेवला. ती रागानं पेटली होती. संध्याकाळी तिनं ताटली वाढली, त्यात भाकरी अख्खी ठेवली आणि आत निघून गेली. तात्याबानं डाव्या हातानं भाकरी मोडायचा प्रयत्न केला. ती ताटलीबाहेर गेली. उजव्या मनगटानं दाबून धरली आणि तोंडानं तोडली. कालवण अंगावर सांडलं. सरू दाराआडून ते बघत होती. तिला वाईट वाटलं, पण ती उठली नाही.

सकाळी तिनं सगळे फुटके डेरे खड्ड्यात टाकले आणि वरून पाणी ओतलं. कच्च्या मातीचं हे एक बरं असतं, ती पुन्हा माती व्हायला कधी नाही म्हणत नाही. उखळात तिनं जुनी खापरं कांडली. गाढवांमागं पाटी घेऊन फिरली, लीद वाळवली, चोळली. मग पदर खोचून मातीत उतरली आणि तुडवत राहिली. टाचेखाली खडा लागला की वाकून काढायचा, पुन्हा तुडवायचं. आता माती लोण्यासारखी नव्हती. खरबरीत होती, बोटांना सोलत होती. पण वळी चढवली की बसत नव्हती.

ती पुन्हा उलटी फिरायला लागली. घरात बोलणं बंदच होतं. वळ्यांची भिंत आवळली की मग ठोकायचं काम. आतून डाव्या हातानं गोल दगड धरायचा आणि बाहेरून उजव्या हातानं लाकडी चोपणं मारायचं, म्हणजे भिंत पातळ आणि घट्ट होते. ठप्, ठप्, ठप्. सरू ठोकत होती, फिरत होती.

"तितं जाड हाय," बाजेवरून आवाज आला.

सरूनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण चार ठोके मागं जाऊन पुन्हा मारून पाहिलं. आवाज बद्द येत होता. तिनं तिथं जास्त ठोकलं.

"आजून."

तिनं आणखी ठोकलं. हळूहळू आवाज मोकळा झाला.

"हां. आता फुडं."

त्या संध्याकाळी तिनं भाकरीचे तुकडे करून दिले. दुसऱ्या दिवशी तात्याबानं बाज ओढत ओढत अंगणात आणली, एकट्यानं, डाव्या हातानं. डोळे मिटून तो तिथं बसायचा आणि ठोके ऐकायचा. इतकी वर्षं तो हातानं मडकं घडवत होता. कानालाही तेवढंच येत होतं, हे त्याला कधी कळलं नव्हतं.

पाडव्याला आबासाहेब आले. छपरात डेरे ओळीनं उभे होते. त्यांनी एकावर बोट वाजवलं. "चाकाचाच वाटतोय की."

"चाकाचा न्हाय," सरू म्हणाली. "हातचा हाय."

"आता प्रयागआत्याला काय सांगू मी?" प्रयागबाई म्हणजे त्यांची थोरली आत्या. घरातलं लग्नकार्य तिच्या शब्दावर चालायचं. सुपारी वाकडी ठेवली तरी ती उठून सरळ करणारी बाई.

"जे हाय त्ये सांगा," बाजेवरून तात्याबा म्हणाला. "भाजून निघाली तर मांडवात न्या. फुटली तर भिमाकडं जावा. माझं काय म्हननं न्हाय."

आबासाहेबांनी पहिल्यांदाच त्याच्या हाताकडं पाहिलं, आणि होकाराची मान डोलावली.

आवा लावला तो दिवस तापलेला होता. खाली गोवऱ्या, त्यावर डेरे पालथे, मध्ये उसाचं पाचट, वर पुन्हा गोवऱ्या आणि सगळ्यावर खापरं आणि राख. तात्याबा सांगत होता, सरू रचत होती. सकाळी पेटवला. दुपारपर्यंत धूर सरळ वर जात होता. मग एकाएकी वावटळ उठली. शेतातून भुंगाट करत ती अंगणात आली आणि आव्याच्या एका अंगावरची राख उडवून घेऊन गेली. आतला जाळ बाहेर आला. जाळाला असा एकदम वारा लागला की डेरे तडकतात.

सरू पाटी घेऊन राखेकडं धावली. तात्याबा बाजेवरून उठला, भिजवून ठेवलेलं गोणपाट डाव्या हातानं उचललं आणि थेट आव्याच्या उघड्या अंगावर जाऊन टाकलं. ते वाऱ्यानं उलटायला लागलं तसा तो गोणपाटाच्या कडेवर उजवा पंजा दाबून बसला. त्या हाताला चटका कळतच नव्हता. सरूनं पाटीवर पाटी राख ओतली. वावटळ गेली तेव्हा दोघांच्याही भुवया जळालेल्या होत्या.

"हात काढा आता," सरू म्हणाली.

"काढतो," तो म्हणाला. "ह्या हाताचा उपेग झाला म्हनायचा."

सरूनं त्याला हात धरून उठवलं, आणि मग तिला रडू फुटलं. तिथंच राखेत उभी राहून ती रडली.

आवा थंड झाल्यावर उघडला. वाऱ्याच्या बाजूचे काही डेरे गेले होते. काहींच्या अंगावर काळा डाग बसला होता. पण चार उतरंडी पुरून उरतील इतकी मडकी लाल, खणखणीत निघाली. सरूनं काळ्या डागांवर चुना लावला, त्यावर तांबड्या कावेनं आणि हिरव्या रंगानं वेली काढल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी वाजत गाजत बाया आल्या. पुढं हलगी, मागं प्रयागबाई, तिच्यामागं सगळ्या सुवासिनी आणि शेवटी आबासाहेब. ही आमच्याकडची रीत. पाटलाच्या घरच्या बाया कुंभाराच्या अंगणात येतात, चाकाला हळदकुंकू वाहतात, नारळ ठेवतात, कुंभारणीची ओटी भरतात आणि मग मडकी डोक्यावर घेऊन जातात. लासुर्ण्याहून भिमाही आला होता. आपल्याला बोलावणं येईल या आशेनं तो कुडापाशी उभा होता.

प्रयागबाईनं मडक्यांवरून हात फिरवला. एकेक वाजवून पाहिलं. "मडकी बरी हायती," ती म्हणाली. मग तिनं अंगणभर नजर फिरवली. "चाक कुठं हाय?"

हलगीवाला वाजवायचा थांबला.

"अगं सरू, चाक कुठं ठेवलंयस? पुजायचं काय आमी?"

सरूचं तोंड उतरलं. इतके महिने मडक्यांचा घोर केला, पण पूजेचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. भिमा कुडापासून दोन पावलं पुढं आला. "चाक माज्याकडं हाय, आत्याबाई. लासुर्ण्याला. तितं चला म्हनलं तर..."

"गप ऱ्हा," प्रयागबाई म्हणाली. तिच्या हातात कुंकवाचं ताट होतं आणि तिचा चेहरा आता घट्ट झाला होता. "चाक पुजल्याबिगर मडकं मांडवात न्ह्यायचं न्हाय. माज्या आईनं न्हेलं न्हाय, मी न्ह्यायची न्हाय. आबा, तू काय बघितलंस हितं यिऊन?"

आबासाहेब खाली बघायला लागले. बाया एकमेकींकडं बघत होत्या. उतरंडी तशाच उभ्या होत्या, चुन्या-कावेच्या, लग्नासारख्या. सरूला वाटलं, आता ही सगळी इथंच राहणार.

तात्याबा बाजेवरून उठला. सावकाश चालत अंगणाच्या मधोमध गेला. तिथं तो पाटा होता, आणि पाट्याभोवती सरूच्या पावलांनी एक गोल पडलेला होता. ओल्या मातीचे पाय रोज त्याच वाटेवर पडून पडून ती वाट दगडासारखी घट्ट आणि गुळगुळीत झाली होती. चाकाची कड असते तशीच, एकसारखी.

"आत्याबाई," तो म्हणाला, "हितं पुजा."

"हे काय हाय?"

"चाक हाय. आमचं फिरत हुतं, त्ये थांबलं. मग ही फिरली. ह्या मडक्यास्नी ह्येच चाक हाय, दुसरं न्हाय. भिमाकडं हाय त्यो लाकडाचा तुकडा, त्याच्यावर ह्यातलं एक बी घडलेलं न्हाय."

प्रयागबाई त्या गोलाकडं बघत राहिली. मग खाली वाकली. गुडघे दुखत होते तिचे, तरी बसली. बोटानं ती वाट चाचपून पाहिली.

"उलटी फिरलीस व्हय गं?" तिनं सरूला विचारलं.

"व्हय."

"टाचंनं दाबल्याली हाय ही वाट." तिनं ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि त्या गोलावर वाहिलं. मग हळद. मग तिनं पोरींना हाक मारली. एकेक करून सगळ्यांनी वाहिलं. नारळ पाट्यावर ठेवला. हलगी पुन्हा वाजायला लागली. सरूची ओटी भरताना प्रयागबाईनं तिच्या जळलेल्या भुवयांवरून बोट फिरवलं.

उतरंडी डोक्यांवरून वेशीकडं निघाल्या. भिमा त्यांच्या मागं मागं गेला, पण जाताना कुडापाशी थांबून म्हणाला, "दादा, चाक आणून दिऊ का?"

"असू दे तुज्याकडं," तात्याबा म्हणाला. "फिरतं ऱ्हाऊ दे."

लग्न झालं. पद्मा जळोचीला गेली. उन्हाळा होता, पाण्याचे रांजण घरोघर हवे होते, आणि ते मागायला लोक चिंचेखाली यायला लागले. सरूनं माती तुडवली, बूड थापलं, ते पाट्यावर ठेवलं. हातात पहिली वळी घेतली आणि ती थांबली.

गोलावर अजून हळदकुंकू होतं. इतके दिवस तिनं अंगण झाडलं होतं ते त्याच्या कडेकडेनं. आता वळी चढवायची तर त्यावर पाय द्यायला हवा होता. तिचं पाऊल पुढं होईना. ती गोलाबाहेर उभी राहिली, पदर सावरून, चाकापाशी बाई उभी राहते तशी.

"काय झालं?" तात्याबानं विचारलं.

"पुजलंय त्ये," ती म्हणाली. "चाक म्हनून पुजलंय. त्याला मी पाय कसा लावू?"

तात्याबा जवळ आला. रांजण मोठा व्हायचा होता. वळी दाबताना आतून दगडाचा आधार द्यायला एकीचा हात पुरणार नव्हता. त्यानं तो गोल दगड डाव्या हातात घेतला. दगड नेहमी डाव्याच हातात धरतात, तो हात त्याला पहिल्यापासून चांगला होता.

"लगीन झाल्यापासनं तुला चाकाला शिवू दिलं न्हाय," तो म्हणाला. "ह्ये तुजंच हाय. ठिव पाय."

सरूनं एकदा वाकून हात जोडले. मग टाच उचलली आणि कुंकवावर ठेवली.

"उलटं चालायचंय," ती म्हणाली. "माज्यासंगं मागं मागं या. घेरी आली तर चिंच हाय."